चांदणीची बाळंतपणं

नियाज मुलाणीला पुण्यात फारसं कोणी ओळखत नाही, पण त्याचा उजवा हात निम्म्या पुण्यानं पाहिलाय. अकरा वर्षांपूर्वी शहरभर बसथांब्यांवर एक जाहिरात लागली होती. पांढरंशुभ्र वाघाचं पिल्लू, तोंडात दुधाची बाटली, आणि बाटली धरलेला एक सावळा, राकट हात. खाली लिहिलं होतं, 'मला भेटायला येताय ना?' तो हात नियाजचा. चेहरा छपाईत कापला गेला होता. "हात तेवढा कामाचा, तोंडाचं काय करायचंय लोकांना!" असं त्याची बायको शकीला म्हणाली, आणि तरीही खडकी स्टेशनजवळच्या थांब्यासमोर उभं राहून तिनं त्या जाहिरातीचा फोटो काढून घेतला.

ते पिल्लू म्हणजे चांदणी. ही हकिगत तिच्या बाळंतपणांची आहे. नियाजची म्हणा हवं तर, कारण चांदणीला वगळून त्याची हकिगत सांगायची तर दोन ओळींत संपेल.

प्राणिसंग्रहालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. पुण्यात कुणाचंही नाव घेतलं की त्याचे हितचिंतक निघतात आणि चार-चार पानी पत्रं येतात. नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी, एका ट्रस्टनं चालवलेलं बेताचं प्राणिसंग्रहालय, एवढं पुरे. नियाजचे आजोबा सासवडकडच्या एका गावात मुलाणकी करायचे, म्हणजे गावाची बकरी हलाल करून द्यायचे. वडील तिथून उठून खडकी बाजारात मटणाचं दुकान घालून बसले. बाविसाव्या वर्षी नियाज इथल्या वाघांसाठी मांसाची पाटी घेऊन आला आणि वडिलांच्या दुकानात परत काही गेला नाही. "गिऱ्हाईकाला कितीही चांगलं द्या, हाडं जास्त आली म्हणून कटकट करतंच. वाघ कधी हाडावरून भांडत नाही," असं तो सांगायचा.

वाघांकडे तेव्हा संभाजीबाबा तुपे होते. शिक्षण दुसरी नापास, पण वाघाच्या चालीवरून त्याचं पोट कसं आहे ते ओळखणार. त्यांनी नियाजला तीन नेम घालून दिले. वाघाकडे पाठ करायची नाही. रागाच्या भरात पिंजऱ्याचं दार ओढायचं नाही. आणि नवी पिल्लं मोजायची नाहीत.

हा तिसरा नेम नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. वाघीण व्याली की बारा दिवस पिल्लांचा आकडा कुणी तोंडातून काढायचा नाही. नाव ठेवायचं नाही, रजिस्टरात लिहायचं नाही. कुणी विचारलंच, "किती झाली हो?" तर उत्तर एकच: "झाली आहेत, बरी आहेत." बाराव्या दिवशी, माणसाच्या घरी बारसं करतात तसं, जी हयात असतील ती मोजायची, नावं ठेवायची आणि मग रजिस्टर उघडायचं. त्याआधी जे जाईल ते वाघांचं मांस ठेवायच्या कोठीमागच्या कडुलिंबाखाली पुरायचं आणि त्याचा विषय काढायचा नाही. मोजलं की दृष्ट लागते. "कोंबडीखालची पिल्लं कुणी मोजत नाही, आन् हे तर वाघाचं बाळ हाय," असं संभाजीबाबा म्हणायचे.

साहेबलोकांना हे माहीत नव्हतं असं समजू नका. चांगलं माहीत होतं. जुने डॉक्टर आठवड्यातून दोनदा, स्कूटर चालू ठेवूनच यायचे. ते म्हणायचे, "जन्माची नोंद नाही, तर मरणाची कशाला?" अंधश्रद्धा खालच्या माणसाची आणि सोय वरच्या माणसाची, मग ती मोडणार कोण! संभाजीबाबा गेले, जुने डॉक्टर निवृत्त झाले, नेम तेवढा राहिला. नियाजनं तो नमाजाइतकाच मनापासून पाळला. त्यात लबाडी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. त्या पिल्लांवर जीव होता म्हणूनच तो मोजत नसे.

चांदणीच्या आईचं नाव गौरी. तीही पांढरीच. तिनं चांदणीला जवळ घेतलं नाही, म्हणून नियाजनं तिला कोठीच्या खोलीत वाढवलं. दर तीन तासांनी शेळीचं दूध, मग ओल्या फडक्यानं पोट पुसायचं, कारण आईनं चाटल्याशिवाय पिल्लाला शी होत नाही. सव्वा महिना तो खडकीला घरी गेला नाही. शकीला डबा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहून म्हणायची, "माझ्या मुलांची लंगोटं कधी बदलली नाहीत, इथं मात्र सगळं जमतंय हो!" चांदणी मोठी झाली, दोन माणसांच्या वजनाची झाली, पण नियाजची चाहूल लागली की जाळीशी येऊन नाकातून फुर्रर्र करायची. वाघ हे फक्त आपल्या माणसाला करतो. बाकी कुणी कितीही हाका मारा, ती मान वळवायची नाही.

गर्दी लोटायला लागली. पांढरा वाघ बघायला शाळांच्या सहली यायच्या, खराडीच्या कंपन्यांतली पोरं रविवारी यायची, फोटो काढायची आणि शेजारच्या साध्या पट्टेरी वाघाकडे ढुंकूनही न बघता निघून जायची. म्हणून ट्रस्टला आणखी पांढरी पिल्लं हवी झाली. चांदणीला बादल दिला. बादल म्हणजे आधीच्या वेतातला तिचा सख्खा भाऊ. वाघाला कुठलं आलंय नातंगोतं, असं सगळे म्हणाले. नियाजही म्हणाला.

तिची तीन बाळंतपणं झाली. प्रत्येक वेळी किती झाली ते इथं सांगत नाही, कारण नियाजनंही तेव्हा मोजलं नव्हतं. बारावा दिवस ज्यांनी पाहिला ती चार: मोगरा, शंख, कापूर आणि साय. तिघं प्राण्यांच्या अदलाबदलीत दुसऱ्या गावांना गेली. मोगरा इथंच राहिली, कारण तिला कुणी घेतलं नाही. तिचे डोळे नाकाकडे वळलेले, आणि मागचे पाय ती किंचित फरफटत चालायची. लोकांना ते तिरळे डोळे गोड वाटायचे. लोकांचं काय जातंय!

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर दीपाली आल्या. कर्वेनगरच्या, तिशीच्या आतल्या, आणि पूर्णवेळ नेमलेल्या पहिल्याच डॉक्टर. पहिल्या आठवड्यात त्या रोज तासभर मोगराच्या पिंजऱ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. मग एका सकाळी कोठीत आल्या. नियाज मांस कापत होता.

"चाचा, मोगराचे डोळे असे का, माहितीये तुम्हाला?"

"जन्मापासून आहेत, मॅडम. देवाची करणी."

"देवाला मध्ये आणू नका. आपली करणी आहे."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. साध्या वाघाच्याच रक्तात कधीतरी एक चूक होते आणि रंग उतरतो. ती चूक आई आणि बाप दोघांकडून आली तरच पिल्लू पांढरं निपजतं. "मग पांढऱ्याला पांढरंच द्यायला लागतं. ते मिळतं कुठं? घरातच. बहिणीला भाऊ, मुलीला बाप. तो एक रंग टिकवायला आपण डोळे घालवतो, पाय घालवतो, टाळू घालवतो. वाचवत काहीच नाही, चाचा. जंगलात सोडायला थोडीच वाढवतोय यांना?"

नियाज मांस कापत राहिला. इतकी वर्षं ज्याचा अभिमान धरला ते कुणी नासकं म्हणून समोर ठेवलं तर माणूस दुसरं काय करणार? घरी गेला तर मुलगी मिसबा ऑफिसातून आलेली. तिला विचारलं, तर ती मोबाइलवरून मान न उचलता म्हणाली, "अब्बा, सिंपल इनब्रीडिंग आहे हे. सगळ्यांना माहितीये." सगळ्यांना माहीत होतं. जो रोज हातानं भरवत होता त्यालाच काय ते माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

पुढं गर्दी ओसरली. चांदणी अकरा वर्षांची झाली, म्हणजे वाघिणीचं उतारवयच. ट्रस्टची बैठक बसली. एका विश्वस्तांनी सुचवलं की सिंह आणि वाघीण एकत्र ठेवून बघावं, काहीतरी नवीन होईल, परदेशात झालंय म्हणे. दीपालीमॅडम म्हणाल्या, "मग बैल आणि बस एकत्र ठेवून बघू, ट्रॅक्टर होईल." बैठक हसली, ते एक विश्वस्त सोडून. पण संचालक देवस्थळीसाहेबांनी मधला मार्ग काढला: संकर नको, पांढरी पिल्लं तरी होऊ द्या. एक शेवटचं वेत. देवस्थळी माणूस दुष्ट नव्हता हो. मोठ्या प्राण्यांच्या पोटाला घालायचं तर फाटकातून माणसं आत यायला हवीत, एवढंच गणित त्याला येत होतं.

वरच्या कार्यालयाची परवानगी लागणार होती. दीपालीमॅडमना खात्री होती की ती मिळणार नाही. अर्जासोबत वाघिणीच्या आधीच्या पिल्लांची नोंद जोडायची होती. देवस्थळींनी रजिस्टराची प्रत जोडली. चांदणी: जन्मलेली चार, जगलेली चार.

महिन्याभरात परवानगी आली. साहेब कागद नाचवतच कोठीत आले. "नियाजभाई, शंभर टक्के! चारपैकी चार! वरचे म्हणतात, एवढी सुदृढ वाघीण असेल तर आमची हरकत नाही. चार महिन्यांनी निवृत्त होताय ना? जाताना तुमच्या हातात नवं पिल्लू आणि गळ्यात हार."

साहेब गेले. दीपालीमॅडम मागंच उभ्या होत्या.

"चाचा, एक विचारते. खरंच चारच झाली होती?"

आता हा क्षण बघा. नियाजनं एवढंच म्हणायचं होतं, "नाही." एक शब्द. परवानगी तिथल्या तिथं रद्द झाली असती, चांदणी आपल्या पिंजऱ्यात उन्हाला पडून म्हातारी झाली असती. नियाजला हे कळत होतं. अगदी लख्ख कळत होतं.

"रजिस्टरात आहे ना, मॅडम," तो म्हणाला.

"मी रजिस्टरला नाही विचारत, तुम्हाला विचारतेय."

"लिहिलंय ते खरं आहे."

"ठीक आहे. तुमच्या शब्दावर जाते मी," असं म्हणून त्या गेल्या.

का म्हणाला तो असं? संभाजीबाबांना मेल्यावर खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं, हे खरं. पस्तीस वर्षांची अब्रू शेवटच्या चार महिन्यांत जाईल ही भीतीही खरी. पण ही दोन्ही कारणं त्यानं नंतर स्वतःला सांगितली. खरं कारण त्याला लाजिरवाणं होतं. त्याला जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, ते पांढरं, ऊन ऊन, दुधाच्या वासाचं पिल्लू पुन्हा हातात घ्यायचं होतं. लोकांना नावं कशाला ठेवायची? पांढरा वाघ त्यालाही हवा होता.

आठवड्याभरानं चांदणी माजावर आली. बादलच्या पिंजऱ्याचं मधलं दार उघडलं, पण ती जाईना. दाराशी जाऊन परत यायची. मजुरांनी बांबू आपटले, पाण्याचा फवारा मारला, ती कोपऱ्यात बसून राहिली. शेवटी साहेबांनी नियाजला बोलावलं. तो पलीकडच्या बाजूला, बादलच्या जाळीशी उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ये गं चांदणे. ये बाळा." ती उठली, फुर्रर्र केलं, आणि दारातून पलीकडे आली. नियाजनं दार ओढून घेतलं. रागात नव्हतं ओढलं. संभाजीबाबांचा तोही नेम त्यानं पाळला.

चांदणीला दिवस गेले. वाघिणीला साडेतीन महिने लागतात. अडीच महिने होईस्तोवर चांदणीचं पोट खाली उतरलं आणि तिचं खाणं तुटलं. उठायला दोन-दोनदा प्रयत्न करायला लागायचे. मागच्या पायांत जोर राहिला नव्हता. नियाज घरी आला की भिंतीकडे बघत बसायचा. एका संध्याकाळी शकीलानं त्याच्यापुढचं ताट बाजूला सारलं.

"अहो, काय झालंय ते बोला. अन्नावर राग काढू नका."

आणि त्यानं सगळं सांगितलं. कडुलिंब, नेम, चारपैकी चार, आपला शब्द, आपली हाक. शकीला ऐकत राहिली. तिनं त्याला बोल लावला नाही. मग म्हणाली, "कुणी विचारलं मुलं किती, तर तुम्ही काय सांगता?"

"दोन. मिसबा आणि नबील."

"मी तीन सांगते. माझा पहिला तीन दिवसांचा होऊन गेला. तीस वर्षं झाली, मी तीनच सांगते. लोक म्हणतात, कशाला गेलेल्याचं नाव काढायचं. पण माझ्या पोटातून तीन बाहेर आलीत हो. त्या मुक्या जिवाच्या पोटातून किती आली, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

नियाज रडला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, ताटासमोर बसून हुंदके देत रडला, आणि शकीलानं त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दीपालीमॅडमना कडुलिंबाखाली नेलं आणि सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "तीन महिन्यांपूर्वी विचारलं होतं ना मी तुम्हाला!" त्या ओरडल्या. "मी तुमच्या शब्दावर गप्प बसले! आता काय करू मी? पोटातली परत पाठवू?" त्यांनी त्याच दुपारी वरच्या कार्यालयाला कळवलं. साहेबांनी नियाजला कोठीत बोलावून फक्त एवढंच विचारलं, "शेवटच्या महिन्यात सुचलं का हो हे?" वरून उत्तर आलं की चौकशीसाठी समिती येईल, तारीख कळवू.

तारीख यायच्या आधी चांदणीचे दिवस भरले.

मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या. दहाच्या सुमाराला पहिलं आलं ते मेलेलंच. दुसरं अकरा वाजता, तेही तसंच. मग काहीच होईना. चांदणी कुशीवर पडून धापा टाकत होती, पोट आवळायचं आणि सुटायचं. दीपालीमॅडम म्हणाल्या, पोट उघडावं लागेल, पण आधी भूल द्यायची आणि भूल तिला झेपेल की नाही सांगता येत नाही. बंदुकीनं सुई मारली तर ती बिथरणार. नियाजनं तिला जाळीशी बोलावलं, म्हणजे मॅडमना हातानं सुई टोचता येईल. "ये गं चांदणे." पुन्हा तेच शब्द त्याच्या तोंडून निघाले, दुसरे त्याला येतच नव्हते. ती उठू शकली नाही. पोटावर सरपटत, एकेक पाय ओढत आली, जाळीला अंग टेकलं आणि फुर्रर्र केलं. आवाज जेमतेम निघाला. सुई बसली तरी तिनं डोळे त्याच्यावरून काढले नाहीत.

तिसरं पिल्लू जिवंत निघालं. त्याला टाळू नव्हती. बाटली लावली की दूध नाकातून परत यायचं. चांदणी भुलीतून उठली नाही. मॅडमनी तासभर प्रयत्न केले, हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले, आणि शेवटी त्या तिथंच फरशीवर बसल्या. नियाज चांदणीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ती मोठी झाल्यापासून पहिल्यांदाच मध्ये जाळी नव्हती. "तुझ्या बापानं घात केला गं तुझा," असं तो मोठ्यांदा म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. तिसरं पिल्लू बुधवारी दुपारी त्याच्या हातातच गेलं.

समिती पुढच्या सोमवारी आली. तीन माणसं, मुख्य बाई म्हणजे नम्रता पाटणकर, चष्म्याच्या, शांत बोलणाऱ्या. कार्यालयात टेबलाच्या एका बाजूला ते तिघं, दुसऱ्या बाजूला देवस्थळी आणि दीपालीमॅडम. नियाजला खुर्ची दिली होती, तो बसला नाही. पांढऱ्या वाघांची पैदास इथं आजपासून बंद, हे बाईंनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. आता राहिली होती ती नोंद दुरुस्त करायची.

"मुलाणी, रजिस्टरात नसलेली, मेलेली पिल्लं एकूण किती?"

"मोजली नाहीत, मॅडम."

"अंदाजे सांगा."

"अंदाज कशाला, एकेक सांगतो ना."

आणि तो सांगायला लागला. गौरीपासून सुरुवात केली. पहिल्या वेतातली दोन, एक जन्मतःच गार, दुसरं डाव्या कानामागे काळा ठिपका असलेलं, ते पाचव्या दिवशी गेलं. दुसऱ्या वेताची तीन, त्यातली एक मादी, दूध प्यायची पण वाढायची नाही, नवव्या दिवसापर्यंत तिनं तग धरला. मग एकाच दिवशी गेलेली दोन भावंडं, एकमेकांना चिकटून झोपलेली. मग चांदणीची. पहिल्या खेपेची दोन, एकाला डोळेच नव्हते. दुसऱ्या खेपेची दोन. तिसऱ्या खेपेची तीन, त्यातलं एक अकराव्या दिवशी संध्याकाळी गेलं, आणि त्या दिवशी नियाजनं घरी मिसबाला सांगून ठेवलं होतं की उद्या एक नाव सुचव. मग परवाची तीन. प्रत्येकाची खूण, प्रत्येकाचा वार त्याला पाठ होता. साहेब खिडकीबाहेर बघत होते. पाटणकरबाई प्रश्न विचारायच्या थांबल्या आणि नुसत्या पेन्सिलीनं एकेक रेघ ओढत राहिल्या.

तो थांबला तेव्हा त्यांनी रेघा मोजल्या.

"सतरा," त्या म्हणाल्या.

पस्तीस वर्षांत तो आकडा नियाज पहिल्यांदाच ऐकत होता.

बाईंनी चष्मा काढला. "परवानगीचा कागद माझ्याच टेबलावरून गेला, मुलाणी. याच वाघिणीची सात मेलेली नुसती दिसली असती, तरी मी सही केली नसती. मी चारपैकी चार बघितले आणि सही केली." त्या रागानं बोलत नव्हत्या. रागानं बोलल्या असत्या तर नियाजला सोपं गेलं असतं. मग त्यांनी कागद आपल्याकडे ओढला आणि मेलेल्यांच्या रकान्यात सतरा लिहिलं.

"अठरा करा, मॅडम," नियाज म्हणाला. "चांदणी धरली नाहीत तुम्ही."

हा रकाना फक्त पिल्लांचा आहे, असं शेजारचे गृहस्थ म्हणायला लागले.

"माझं पिल्लूच होतं ते," नियाज म्हणाला.

पाटणकरबाईंनी सतरा खोडून अठरा केले, कागद त्याच्याकडे सरकवला, आणि नियाजनं खाली सही केली.